साखर उतरे, वजन चढे : मधुमेहावरील औषधांची पार्श्वभूमी

नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांच्या दुकानातला फ्रीज उघडला, की २ ते ८ अंश तापमानात इन्सुलिनच्या शेजारीच आठवड्यातून एकदा टोचायच्या नव्या पेनांची खोकी दिसतात. दोन्ही औषधे मधुमेहाचीच. मात्र एकाने वजन वाढू शकते, तर दुसऱ्याने ते उतरते. या दोन औषधांच्या मधल्या शतकभरात 'जेवण निम्म्यावर आणले तरी काटा खाली येत नाही' असे कळवळून सांगणाऱ्या रुग्णाला आपण फार सहज खोटे ठरवले.

१९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन प्रथम रुग्णाला टोचले गेले, तेव्हा खंगलेल्या मुलांच्या अंगावर मांस चढणे हीच गुण आल्याची खूण होती. १९५० च्या दशकात स्वादुपिंडातून अधिक इन्सुलिन सोडवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गोळ्या आल्या. लघवीवाटे वाया जाणारी साखर त्यामुळे अंगी लागू लागली, चरबीही साठू लागली, आणि मुळातच स्थूल असलेल्या रुग्णाचे वजन उपचारानेच वाढत गेले. वजन न वाढवणारे मेटफॉर्मिन १९५७ पासून फ्रान्समध्ये वापरात होते. पण स्थूल मधुमेहींना त्याचा दीर्घकालीन लाभ होतो, हे ब्रिटनमधील यूकेपीडीएस या मधुमेहावरील मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवले, तेव्हा कुठे त्याला मानाचे स्थान मिळाले.

निव्वळ वजनासाठीच्या गोळ्यांचा इतिहास दुःखद आहे. हृदयाच्या झडपांना इजा होते म्हणून फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये, तर हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे सिब्युट्रामिन २०१० मध्ये अनेक देशांत मागे घेतले गेले.

खरे वळण आतड्यातून आले. ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडावाटे दिल्यास शरीर जास्त इन्सुलिन सोडते, हे १९६० च्या दशकातच लक्षात आले होते. त्यामागचे जीएलपी-१ हे संप्रेरक १९८० च्या दशकात ओळखले गेले, परंतु ते रक्तात काही मिनिटांतच नष्ट होई. अमेरिकेतील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात संशोधक जॉन एंग यांना त्याच्याशी मिळतेजुळते, पण अधिक टिकणारे द्रव्य सापडले आणि त्यावरून बेतलेले एक्सेनाटाइड २००५ मध्ये बाजारात आले. हे औषध भूकही कमी करते, म्हणून साखरेबरोबर वजनही उतरू लागले. जीएलपी-१ सारखेच काम करणाऱ्या सेमाग्लुटाइड या पुढच्या औषधाला जोडलेल्या मेदाम्लाच्या साखळीमुळे ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून आठवडाभर पुरते. २०२१ मधील चाचणीत, ६८ आठवड्यांत स्थूल मधुमेहींचे वजन त्याने सरासरी ९.६ टक्के घटले. मधुमेह नसलेल्यांत ही घट सुमारे १५ टक्के होती. म्हणजे मधुमेहींचे वजन औषधालाही सहजी दाद देत नाही, आणि रुग्णाची ती जुनी तक्रार खरी होती.

असेच आठवड्यातून एकदा टोचायचे टिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले. या नव्या पेनांपैकी एखादे सुरू करताना जुन्या सल्फोनिलयुरियाची किंवा इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांना पुष्कळदा कमी करावी लागते, कारण दोन्हींचा जोर एकत्र आला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.