लीड सर्टिफिकेटचा अर्ज: नेमका कुठे अडकतो आणि कुठले कागद आधीच धरून ठेवायचे

शहर वाढतंय तसं प्रत्येक नव्या टॉवरच्या ब्रोशरवर हिरवं पान छापलेलं दिसतं, आणि इमारत उभी राहिली की कोणीतरी विचारतं, अहो ते ग्रीन सर्टिफिकेट कुठंय? हे सर्टिफिकेट म्हणजे बहुतेक वेळा लीड (LEED), अमेरिकेतल्या यूएस ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची पर्यावरणपूरक इमारतींना पॉइंट देऊन प्रमाणपत्र द्यायची पद्धत. तिथून पळापळ सुरू. डिझाइन वाईट होतं म्हणून अडकलेले प्रोजेक्ट फार कमी बघितलेत, कागद वेळेवर धरला नाही म्हणून अडकलेले मात्र ढीगभर, आणि गोची ही की यातले बरेच कागद मागाहून तयारच करता येत नाहीत. जे झालं त्याचा पुरावा ज्या दिवशी झालं त्याच दिवशीचा लागतो.

खाली दिलेले आकडे लीड व्हर्जन ४ मधल्या नवीन बांधकामाचे आहेत. व्हर्जन ५ एप्रिल २०२५ मध्ये आलं आणि त्यात बरंच काही बदललंय, त्यामुळे आपलं रजिस्ट्रेशन कुठल्या व्हर्जनमध्ये झालंय ते आधी बघा. तुम्हाला तेच नियम लागणार, ओळखीच्या कोणाच्या प्रोजेक्टला काय चाललं होतं ते सांगून उपयोग नाही.

पात्रता तशी साधी आहे. इमारत कायमच्या जागेवर हवी (हलवता येणारी केबिन, बोट वगैरे बाद), एकूण बांधकाम किमान ९३ चौरस मीटर हवं, आणि प्रोजेक्टची हद्द प्रामाणिकपणे आखलेली हवी, म्हणजे अडचणीचं पार्किंग तेवढं नकाशातून गाळलं असं चालत नाही. लोक फसतात ते प्रकार निवडताना. न्यू कन्स्ट्रक्शनमध्ये अर्ज करायचा तर सर्टिफिकेट मिळेपर्यंत किमान ६० टक्के क्षेत्रफळ आतून पूर्ण झालेलं लागतं. तुम्ही नुसता सांगाडा, लॉबी आणि लिफ्ट करून मजले रिकामे विकणार किंवा भाड्याने देणार असाल, आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त जागा अपूर्ण राहणार असेल, तर तुमचा प्रकार कोअर अँड शेल. हे रजिस्टर करतानाच ठरवा. अर्ध्या वाटेत प्रकार बदलला की फॉर्म, गणितं, सगळं नव्याने करत बसावं लागतं.

पॉइंट एकूण ११०. ४० ला सर्टिफाइड, ५० ला सिल्वर, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम. मालक लोक इथेच रमतात, एक्सेल उघडून पॉइंट जमवत बसतात, पण प्रीरिक्विझिट म्हणून ज्या सक्तीच्या अटी आहेत त्यांना एकही पॉइंट नाही आणि त्यातली एक जरी गेली तरी बाकीच्या ८५ पॉइंटांचं काही होत नाही. त्यामुळे आधी सक्तीच्या अटींची यादी काढून प्रत्येकीपुढे जबाबदार माणसाचं नाव लिहा. रजिस्ट्रेशन, फी भरणं, टीममधल्यांना ऑनलाइन रोल देणं हे एका दुपारचं काम आहे, त्यावर वेगळं लिहीत नाही.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो. कमिशनिंग म्हणजे एसी, पंप, लाइटचे कंट्रोल, गरम पाणी हे सगळं ठरल्याप्रमाणे चालतंय का ते वेगळ्या माणसाने तपासणं. हा तपासणारा माणूस, म्हणजे कमिशनिंग अथॉरिटी, डिझाइन डेव्हलपमेंट (कच्च्या आराखड्याचं तपशीलवार डिझाइन करायचा टप्पा) संपायच्या आत नेमलेला पाहिजे. नेमतात कधी, तर डक्ट टांगून झाल्यावर. त्याच्याकडे साधारण अशाच कामाच्या किमान दोन प्रोजेक्टचा अनुभव हवा, तोही सुरुवातीच्या डिझाइनपासून ते लोक वापरायला लागल्यावर निदान १० महिन्यांपर्यंतचा, आणि तुमच्याच इमारतीचं एमईपी (एसी, वीज आणि प्लंबिंग) डिझाइन करणारा माणूस चालत नाही. १,८६० चौरस मीटरपेक्षा लहान प्रोजेक्टला यातून सूट आहे, तिथे टीममधलाच लायक माणूस चालतो. या माणसाला काम सुरू करायला लागतो ओपीआर, म्हणजे मालकाला नेमकं काय हवंय याचा लेखी कागद: किती माणसं, किती तास वापर, आत तापमान किती, नंतर यंत्रणा सांभाळणार कोण, वीज-पाण्याचं उद्दिष्ट काय. त्यावर डिझाइन टीमचं उत्तर म्हणजे बीओडी. मालक म्हणतो मी आर्किटेक्टला तोंडी सांगितलं होतं, आर्किटेक्ट म्हणतो ते ड्रॉइंगमध्येच आलंय, आणि शेवटी कोणीतरी बीओडीच कॉपी करून वर ओपीआर असं शीर्षक टाकतं. हे लगेच ओळखू येतं हो, कुठलाही मालक मीटिंगमध्ये चिलरचा सीओपी (खर्च झालेल्या विजेच्या तुलनेत थंडावा किती मिळतो तो आकडा) किती असावा ते सांगत नसतो! आणि बीओडीची तारीख ओपीआरच्या आधीची असेल तर मग बोलायलाच नको. पहिल्या दोन मीटिंगनंतर साध्या भाषेत दोन-तीन पानं लिहा, मालकाची सही आणि तारीख घ्या, पुढे बदल झाला की नवी तारीख टाकून तेच अपडेट करा. एवढंच करायचं असतं, आणि तेवढंच कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट साइटवरचा कचरा. काम सुरू व्हायच्या आधी प्लॅन लागतो, त्यात वाचवायचे किमान पाच माल लिहिलेले हवेत, आणि शेवटी सगळ्या कचऱ्याचा हिशोब द्यायचा, वाचवलेला किती आणि टाकून दिलेला किती. हे सक्तीचं. त्यावर पॉइंट पाहिजे असतील तर तीन प्रकारच्या मालात मिळून ५० टक्के माल कचरा डेपोऐवजी पुनर्वापराकडे वळवला की एक, चार प्रकारांत ७५ टक्के वळवला की दोन. इथली नेहमीची चूक म्हणजे खोदकामाची माती आणि कापलेली झाडंझुडपं यात धरणं. साइटवरून सगळ्यात जास्त वजन मातीचंच जातं, ती धरली की टक्केवारी नव्वदच्या पुढे दिसते, सगळे खूश, आणि रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या तपासणीत, ती काढून टाकली की उरतात वीस-पंचवीस. जमीन साफ करताना निघालेलं काहीही या हिशोबात धरायचं नाही. शिवाय भंगारवाला रोख पैसे देऊन सळई घेऊन गेला आणि पावती नाही, तर तुमच्या हिशोबात ती सळई कुठे गेलीच नाही. गेटवर एक वही ठेवा, प्रत्येक गाडीचं वजन, माल आणि कुठे गेली ते लिहा, आणि गेटवाल्याला हे कशासाठी चाललंय ते समजावून सांगा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने, एकाच अक्षरात सहा महिन्यांच्या नोंदी तयार होतात आणि ते दिसतं.

मालाच्या कागदांचं पण तसंच. एफएससी लाकडासाठी (जंगल जपून तोडल्याचं प्रमाणपत्र असलेलं लाकूड) ब्रोशर चालत नाही, विक्रेत्याच्या बिलावर त्याचा साखळी-प्रमाणपत्राचा, म्हणजे चेन ऑफ कस्टडीचा, नंबर हवा. ईपीडीचा (मालाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो ते सांगणारा कंपनीचा कागद) पॉइंट घ्यायचा तर कमीत कमी पाच कंपन्यांचे २० वेगवेगळे, कायमचे बसवलेले प्रॉडक्ट लागतात, आणि ईपीडीची मुदत संपते हे कोणी बघतच नाही. रंगाच्या बाबतीत डीलर ‘लो व्हीओसी’ (व्हीओसी म्हणजे रंगातून हवेत उडणारी रसायनं) लिहिलेला कागद देतो तो डब्यात ती किती आहेत त्याचा असतो, साइटवर लावायच्या रंगाला हवेत किती सुटतं त्याची टेस्टही लागते, दोन्ही. हे सगळं परचेस ऑर्डरमध्येच लिहा आणि कागद आल्याशिवाय बिल पास करू नका, कारण पैसे मिळाल्यावर सप्लायर फोन उचलत नाही.

मग येतो फ्लश-आउट. पॉइंटसाठी आहे, सक्तीचा नाही, पण पकडतात सगळेच कारण वाचायला सोपा वाटतो: काम संपलं की बाहेरची हवा आत सोडून इमारत धुऊन काढायची. हवा किती, तर दर चौरस मीटरला ४,२६७ घनमीटर, तापमान १५ ते २७ डिग्रीच्या मध्ये आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवून. गणित करून बघा. तुमची सिस्टिम दर चौरस मीटरला सेकंदाला १ लिटर ताजी हवा देत असेल तर रात्रंदिवस चालवून जवळपास ५० दिवस लागतात, आणि दमट हवेच्या शहरात पावसाळ्यात ६० टक्के आर्द्रता राखायची म्हणजे वीजबिल किती येईल तो विचार वेगळाच. फर्निचर आत आलेलं हवं आणि माणसं आलेली नकोत. ज्या मालकाने उद्घाटनाची तारीख आधीच छापलीये त्याने हे वाचून थोडं बसावं. पर्याय आहेत: दर चौरस मीटरला १,०६६ घनमीटर आधी करून लोकांना आत घ्यायचं आणि उरलेलं वापर चालू असताना पूर्ण करायचं, किंवा सरळ हवेची टेस्ट करायची. पण कुठला मार्ग घ्यायचा ते बांधकामाच्या वेळापत्रकात आधी बसवा.

एनर्जी मॉडेलवर, म्हणजे इमारत वर्षाला किती वीज खाईल त्याच्या कॉम्प्युटरवरच्या हिशोबावर, एकच सांगतो. क्षेत्रफळ, माणसांची संख्या, वापराचे तास हे आकडे सगळ्या फॉर्ममध्ये एकसारखे ठेवा. पाण्याच्या फॉर्ममध्ये ४०० माणसं आणि मॉडेलमध्ये ५२० असं दिसलं की दोन्हीवर प्रश्न येतो. मॉडेलमध्ये ठरलेलं तापमान न मिळालेले तास वर्षाला ३०० च्या वर गेले तरी परत येतं. बाकी धूम्रपानबंदी दारं, खिडक्या आणि हवा आत घेण्याच्या जागांपासून ७.५ मीटरपर्यंत लागू करायची, आणि पाटी प्रत्येक दारापासून ३ मीटरच्या आत हवी. दोनशे रुपयांत किंवा फुकटात होणाऱ्या कामासाठी अर्ज परत आलेला बघितला की हसावं की रडावं कळत नाही.

तारखा. अर्ज दोन टप्प्यांत देता येतो, आधी डिझाइन, नंतर बांधकाम, आणि द्यावाच, चुका लवकर कळतात. पण डिझाइनच्या टप्प्यात मान्य दिसलेले पॉइंट अजून मिळालेले नसतात, ते फक्त अपेक्षित म्हणून धरलेले असतात. पुढे काचा बदलल्या, नळ बदलले, तर तो फॉर्म पुन्हा द्यायचा. प्री-सर्टिफिकेशनचं पण तेच, तो डिझाइनच्या इराद्यावरचा कागद आहे, तो दाखवून ‘सर्टिफाइड इमारत’ म्हणून विकू नका. पूर्ण अर्ज द्यायची मुदत काम जवळपास पूर्ण झाल्यापासून दोन वर्षं. म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र किंवा इमारत वापरायला तयार असल्याचा तसाच अधिकृत कागद मिळाल्यापासून, शेवटचा मजला भाड्याने गेल्यापासून नाही. ‘अजून खूप वेळ आहे’ म्हणणाऱ्यांची साइट टीम तोपर्यंत दुसऱ्या नोकरीला लागलेली असते, कागद कोणाच्या लॅपटॉपमध्ये होते ते कोणाला आठवत नाही.

रिव्ह्यू यायला साधारण २० ते २५ कामाचे दिवस लागतात. पहिल्या रिव्ह्यूत प्रश्न येतात, त्यांना उत्तर द्यायची संधी एकदाच, त्यानंतर निकाल आणि मग फी भरून अपील. म्हणून प्रश्न आला की घाईघाईत तीच फाइल पुन्हा अपलोड करू नका. त्यात चार मुद्दे विचारलेले असतील तर चारही मुद्दे उतरवून प्रत्येकाखाली उत्तर आणि पान नंबर लिहा.

आणि पूर्ण इमारतीचे वीज आणि पाण्याचे आकडे पाच वर्षं शेअर करायचं कबूल केलेलं असतं. ते मीटर डिझाइनमध्येच दाखवा आणि आकडे पाठवायचं काम इमारत सांभाळणाऱ्या माणसाच्या करारात घाला, कारण कन्सल्टंटचं काँट्रॅक्ट तोवर संपलेलं असतं.