एपीएसमध्ये गुठळीचा धोका कसा ठरवतात

अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, बोलताना सगळे एपीएसच म्हणतात, हा ऑटोइम्यून आजार आहे. प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते आणि अशा अँटीबॉडी बनवते की रक्त नको तिथे गोठायला लागतं, मग पायाच्या शिरेत गुठळी होते, ती सुटून फुफ्फुसात जाते, कुणाला ऐन तरुणपणी स्ट्रोक येतो, कुणाचे गर्भपात होत राहतात. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून ह्यूज सिंड्रोम असंही नाव आहे. पण अँटीबॉडी सापडली म्हणजे गुठळी होणारच असं अजिबात नाही, कित्येकांना काहीच होत नाही, म्हणून तर धोका मोजावा लागतो.

टेस्ट तीन: ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. पहिलीचं नाव फार फसवं आहे, अँटिकोअॅग्युलंट वाचून लोकांना वाटतं रक्तस्राव होईल, पण टेस्टट्यूबमध्ये गोठायला उशीर लावणारी हीच अँटीबॉडी शरीरात गुठळ्या करते आणि तिघींत जास्त धोक्याची हीच. ती शोधायच्या एका पद्धतीत चक्क घोणस सापाचं पातळ केलेलं विष वापरतात, विष घातल्यावर रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते बघायचं, मग जादा फॉस्फोलिपिड (रक्त गोठायला लागणारा एक स्निग्ध पदार्थ) घालून परत बघायचं, आता वेळ कमी झाला तर दोष अँटीबॉडीचा. हेपरिन किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ही टेस्ट चुकू शकते, तेव्हा लॅबला औषधं आधीच सांगा.

एका रिपोर्टवर घाबरून जाऊ नये हे मला अगदी मनापासून सांगायचंय. इन्फेक्शननंतरही या अँटीबॉडी थोडे दिवस दिसतात आणि जातात, म्हणून कमीत कमी १२ आठवड्यांनी टेस्ट परत करतात. तेव्हाही ल्युपस अँटिकोअॅग्युलंट पॉझिटिव्ह, किंवा दोन-तीन टेस्ट एकदम पॉझिटिव्ह, किंवा अँटीबॉडीचा आकडा सतत खूप वर, तर हाय रिस्क. तिन्ही पॉझिटिव्ह म्हणजे सगळ्यात वाईट.

मग बाकीचं: आधी गुठळी झालीय का, ल्युपस (हाही एक ऑटोइम्यून आजार) आहे का, बीपी, सिगारेट, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, ऑपरेशन, बाळंतपण. जीएपीएसएस नावाचा स्कोअर आहे, त्यात अँटीकार्डिओलिपिनला ५, हाय कोलेस्टेरॉलला ३, बीपीला १ असे पॉइंट देतात, मदत होते पण निर्णय नुसत्या बेरजेवर घेत नाहीत. प्लेटलेट कमी आहेत म्हणून गुठळी होणार नाही, हा तर मोठाच गैरसमज.

औषध यावरच ठरतं. गुठळी झालेली नाही पण रिस्क हाय असेल तर बहुतेकदा रोज ७५ ते १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन, शिरेत होऊन गेली असेल तर वॉरफरिन आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) २ ते ३. तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह असलेल्यांना रिव्हारोक्साबॅन ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी देत नाहीत, कारण २०१८ च्या ट्रायलमध्ये त्यावर असलेल्यांना स्ट्रोक आणि हार्ट अटॅक जास्त आले आणि ती ट्रायल मधेच थांबवावी लागली.