फळे-चॉकलेटचे थरांचे पुडिंग

फळे, वितळवलेले चॉकलेट, क्रीम आणि बिस्किटांचा चुरा यांचे थर देऊन थंड केलेला, ओव्हन न लागणारा गोड पदार्थ. गोव्यात वाढदिवसाला, नाताळच्या जेवणाला किंवा सुटीत नातेवाईक जमले की करण्याजोगा. मूळ बेत सेराडुराचा: फेटलेले क्रीम, कंडेन्स्ड मिल्क आणि मारी बिस्किटांचा चुरा असलेली ही पोर्तुगीज मिठाई गोव्यात चांगलीच रुजली आहे. बिबिंका या गोव्याच्या थरांच्या मिठाईचा एकेक थर वेगळा भाजावा लागतो. इथे गॅस लागतो तो मुख्यतः चॉकलेटपुरता. अंडे व जिलेटिन नसल्यामुळे शाकाहारी पाहुण्यांचीही अडचण होत नाही.

आठ-दहा जणांसाठी 200 ग्रॅम डार्क चॉकलेट, तेवढेच क्रीम, मारी बिस्किटांचा एक मोठा पुडा आणि तीन-चार वाट्या फळांच्या फोडी पुरतात. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवून चॉकलेटच्या तुकड्यांवर ओततात, दोन मिनिटे झाकून ठेवतात आणि मग मधोमध ढवळू लागतात. मिश्रण आधी फुटल्यासारखे दिसते, पण ढवळत राहिल्यास तुकतुकीत होते. नुसते चॉकलेट वाफेवर वितळवताना मात्र पाण्याचे चार थेंब पडले तरी त्यातली साखर ओली होऊन कण एकमेकांना चिकटतात व गोळा होतो. भरपूर द्रव चालतो, थेंबभर पाणी चालत नाही. नवख्यांची फसगत इथेच होते. म्हणून वाडगा आणि चमचा कोरडा हवा, फोडीही पुसून घ्याव्यात.

एप्रिल-मेमध्ये मानकुराद आंब्याला तोड नाही. 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा आंबा मोसमाच्या सुरुवातीला एवढा महाग असतो की चॉकलेटखाली झाकणे जिवावर येते. फोडी वरच्या थरातच शोभतात. त्यांना साखर लावू नये, रस सुटून बिस्किटांचा चिखल होतो. रसबाळी केळी वर्षभर मिळतात. चिरल्याबरोबर चॉकलेटमध्ये घोळवली की काळी पडत नाहीत. कुळागरातला, म्हणजे सुपारी-माडांच्या बागेतला, अननस चवीला उत्तम, पण कच्चा घालू नये: त्यातले ब्रोमेलिन हे विकर (एन्झाइम) दुधातील प्रथिने फोडते आणि क्रीम कडवट होते. फोडी पाच-सात मिनिटे शिजवून, निथळून गार केल्या की हा दोष जातो. रसाळ फणस नको, काप्याचे गरे चालतात.

कोको बटर सुमारे 34 अंश सेल्सिअसला वितळते आणि मे महिन्यातली गोव्यातली दुपार त्याच्या आसपासच असते. त्यामुळे चार तास फ्रीजमध्ये ठेवलेले भांडे जेवणे उरकल्यावरच बाहेर काढतात. भाजलेल्या काजूचे तुकडे त्या वेळी वर भुरभुरावेत. आधी घातले तर मऊ पडतात.