दनिए काळा का पडायचा?

फ्रान्सचा राजा नववा लुई याने १२६६ मध्ये ग्रो तुर्न्वा हे चांदीचं मोठं नाणं पाडलं. वजन सुमारे ४.२ ग्रॅम, चांदी जवळजवळ शुद्ध, किंमत १२ दनिए, म्हणजे तेव्हाची १२ छोटी नाणी. कौतुक होतं ते या ग्रोचं. बाजार मात्र चालायचा दनिएवर. दनिए जेमतेम ग्रॅमभराचा, त्यात चांदी तीस टक्क्यांच्या आसपास, बाकी तांबं.

दनिएची खरी अडचण मजुरीची होती. धातूच्या पट्ट्या ओतायच्या, ठोकून पातळ करायच्या, कात्रीने तुकडे पाडायचे, कोपरे छाटून कडा ठोकून गोल करायच्या. मध्ये मध्ये लाल तापवून मऊ करायचं. तिथे हयगय झाली की ठशाखाली कड तडकते. मग दारूच्या पिंपात साचणारा टार्टर आणि मीठ घालून चकत्या उकळायच्या. वरचं तांबं निघून जातं, चांदीची पातळ साय राहते. ती झिजली की आतलं तांबं काळवंडतं, म्हणून या चिल्लरीला लोक ‘काळी नाणी’च म्हणत.

खालचा ठसा, पील, लाकडी ठोकळ्यात रोवलेला. वरचा, त्रुसो, हातात धरलेला. घाव थेट सोसणारा त्रुसो आधी झिजतो. दुसऱ्या घावाला तो हलला की अक्षरं दुहेरी उमटतात.

एका ग्रोइतक्या किमतीसाठी ही सगळी खटपट १२ वेळा! म्हणून टांकसाळी मोठ्या नाण्यांकडे झुकत आणि मोड कायम अपुरी पडे. वजनही एकेका दनिएचं जुळवत नसत, मार्क या २४४.७५ ग्रॅमच्या वजनमापामागे साधारण २२० नाणी भरली की झालं. त्यातली जड नाणी वेचून वितळवणारे होतेच.

राजांनीही कस उतरवला. चौथ्या फिलिपने १२९५ पासून हीण वाढवलं आणि १३०६ मध्ये एकदम चांगलं नाणं परत आणलं. घरभाडी नव्या नाण्यात मागितली गेली, म्हणजे तिप्पट झाली. पॅरिस उसळलं, राजाला टेंपलर या धार्मिक पंथाच्या सरदारांच्या गढीत आसरा घ्यावा लागला.

कोणत्या टांकसाळीने हलका माल पाडला हे कळावं म्हणून १३८९ मध्ये गुप्त ठिपके आले: ठरलेल्या अक्षराखाली एक टिंब. पॅरिसचं १८ वं अक्षर, रुआंचं १५ वं, तूरचं ६ वं. भिंग घेऊन पाहताना कडेच्या मजकुराच्या सुरुवातीच्या क्रॉसपासून अक्षरं मोजावीत. लहान नाण्यांत चकती ठशापेक्षा तोकडी असली किंवा घाव बाजूला बसला, तर नेमकं ते टिंबच कडेबाहेर जातं.