विषय येणे आणि विषय शिकवता येणे

ज्याला गणित उत्तम येते तो गणित उत्तम शिकवेल, असे आपल्याकडे सहज मानले जाते. शिकवणीच्या जाहिरातीत म्हणूनच आधी पदव्या छापल्या जातात आणि मुलाच्या शिक्षकाविषयी पालक चौकशी करतात तीही बहुधा ‘शिकले किती आहेत’ अशीच. दुसरीकडे, प्राथमिक शाळेतले गणित काय, ते कोणालाही येते, तेथे शिक्षकाला हवी ती फक्त मुले सांभाळण्याची हातोटी, हा समजही तितकाच घट्ट आहे. एक समज विषयावर सगळा भार टाकतो, दुसरा कौशल्यावर. मात्र वर्गात प्रत्यक्ष उपयोगी पडणारे ज्ञान या दोहोंत बसत नाही. ते विषयाचेच ज्ञान असते, पण शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिलेले. नुसत्या विषयाच्या ज्ञानाला आपण आशयज्ञान म्हणू आणि शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिलेल्या या ज्ञानाला अध्यापनाचे विषयज्ञान. ही दोन्ही एकमेकांशी इतकी लगटून असतात की एकाची उणीव बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर खपून जाते.

५२ वजा २७ हे दुसरी-तिसरीतले उदाहरण घ्या. एका मुलाने उत्तर ३५ लिहिले आहे. आशयज्ञान असलेल्या माणसाला उत्तर २५ आहे हे ठाऊक असते, त्यामुळे ३५ चूक आहे हे त्याला तत्क्षणी कळते, आणि तेथे त्याचे काम संपते. अध्यापनाचे विषयज्ञान असलेल्या शिक्षिकेला त्या ३५ मध्ये मुलाने केलेली कृती दिसते. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ काढले. दशकाच्या घरात ५ मधून २ काढले. म्हणजे त्याचा नियम ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ असा आहे, आणि तो त्याने प्रत्येक घरात इमानेइतबारे पाळला आहे. हा नियम त्याला मिळाला असेल तोही बहुधा वर्गातूनच, कारण ‘लहानातून मोठे जात नाही’ हे वाक्य आपण सगळे शिक्षक वजाबाकी शिकवताना सर्रास वापरतो.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचे बारकाईने विश्लेषण मांडले आणि त्यांतल्या पुष्कळशा चुका निष्काळजीपणातून होत नसून मनात पक्क्या बसलेल्या चुकीच्या रीतीतून पद्धतशीर होतात, हे दाखवून दिले. असे असेल तर ‘नीट लक्ष दे’ या सूचनेचा त्या मुलाला काडीचा उपयोग नाही. तो लक्ष देऊनच चुकतो आहे. त्याला काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन त्यांतून सत्तावीस काढायला सांगणे उपयोगी पडते, कारण तेथे दशक सुटा केल्याशिवाय हात पुढे चालतच नाही.

याच ठिकाणी उदाहरण निवडण्याचा प्रश्न येतो. ५८ वजा २३ हे उदाहरण फळ्यावर दिले तर योग्य रीतीने उत्तर ३५ येते आणि त्या मुलाच्या चुकीच्या नियमानेही ३५ च येते. वही बरोबर, शिक्षक समाधानी, आणि नियम तसाच मनात. कोणते उदाहरण चूक उघडी करते आणि कोणते झाकते हे ओळखणे गणिताच्या पदवी परीक्षेत कधी विचारले जात नाही, पण तिसरीच्या वर्गात रोज लागते.

दशांश अपूर्णांकांत हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. २.४, २.३५ आणि २.१२५ या संख्या चढत्या क्रमाने लावा, असा प्रश्न अनेकदा दिला जातो. काही मुले दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतात, म्हणून त्यांना १२५ सर्वांत मोठी वाटते. त्यांची चूक या प्रश्नात पकडली जाते. परंतु दुसरा एक गट असतो; शतांश दशांशाहून लहान, सहस्रांश त्याहून लहान, एवढे अर्धे सत्य त्याच्या हाती लागलेले असते आणि त्यावरून ‘जितके अंक जास्त तितकी संख्या लहान’ असा निष्कर्ष त्याने काढलेला असतो. या गटाचे उत्तर २.१२५, २.३५, २.४ असे पूर्णपणे बरोबर येते, तेही चुकीच्या कारणाने. आता ०.३, ०.४५ आणि ०.१२५ या तीन संख्या द्या. पहिला गट ०.१२५ ला सर्वांत मोठे म्हणेल, दुसरा ०.३ ला, आणि ज्याला स्थानिक किंमत समजली आहे तोच ०.४५ म्हणेल. तिन्ही समजुती तीन वेगवेगळी उत्तरे देतात. हा प्रश्न तयार करणाऱ्याला आशयज्ञान हवेच, पण नुसत्या आशयज्ञानातून हा प्रश्न सुचत नाही; मुले कशा कशा प्रकारे विचार करतात हे ज्याने ऐकून ठेवले आहे त्यालाच तो सुचतो. (०.४५ हे ‘शून्य पूर्णांक पंचेचाळीस’ असे वाचले की पहिल्या गटाची समजूत आपणच पक्की करतो. ‘शून्य पूर्णांक चार पाच’ हे वाचन म्हणूनच हिताचे.)

अध्यापनाच्या या विषयज्ञानाला शिक्षणशास्त्रात ठळक स्थान मिळवून देण्याचे श्रेय अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांना जाते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात शिक्षकांच्या परीक्षा जवळजवळ सर्वस्वी विषयावर होत, तर १९८० च्या सुमारास त्या वर्गव्यवस्थापन, पाठनियोजन आणि मूल्यमापन यांकडे पूर्ण झुकल्या होत्या. १९८६ च्या आपल्या लेखात शुलमन यांनी हा लंबक दाखवला आणि दोन्ही टोकांमध्ये जे हरवले होते त्याला ‘पेडॅगॉजिकल कंटेंट नॉलेज’ असे नाव दिले. त्यात त्यांनी प्रामुख्याने दोन गोष्टी धरल्या: आशय समजावण्याची प्रभावी रूपे, म्हणजे उदाहरणे, आकृत्या, स्पष्टीकरणे, आणि तो आशय शिकताना अवघड किंवा सोपा कशामुळे होतो याची जाण, मुले आधीच बरोबर घेऊन येतात त्या समजुतींसह.

आपल्याकडे बी.एड.च्या अभ्यासक्रमात ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ हा शब्दप्रयोग वर्षानुवर्षे रूढ आहे आणि नाव तर नेमके हवे तेच आहे. माझे मत असे की प्रत्यक्षात तो भाग आशय विश्लेषण, विषयाची संरचना, गाभाघटक आणि मूल्ये यांच्या याद्यांमध्ये अडकून पडतो. पाठटाचणात उद्दिष्टे असतात, शैक्षणिक साधने असतात, शिक्षककृती आणि विद्यार्थिकृती यांचे रकाने असतात. पण ‘या घटकात मुले कोठे आणि का अडतील’ असा रकाना सहसा नसतो, आणि अध्यापनाच्या विषयज्ञानाचा जीव तर त्या रकान्यातच आहे.

दोन्ही ज्ञाने वेगळी आहेत म्हणून पहिल्यावाचून दुसरे मिळते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. लिपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना काही साध्या गोष्टी विचारल्या होत्या. त्यांतली एक अशी: पावणेदोन भागिले अर्धा हे गणित सोडवा आणि त्यासाठी एखादे शाब्दिक उदाहरण तयार करा. चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर आले, अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांचे. शाब्दिक उदाहरण तयार करताना तर अनेक अमेरिकी शिक्षकांनी अर्ध्याने भागणे आणि दोनाने भागणे यांत गल्लत केली. मराठीत सांगायचे तर ‘पावणेदोन लिटर दूध दोघांत सारखे वाटले’ हे उदाहरण या गणिताचे नव्हे. त्याचे उत्तर सात अष्टमांश लिटर येईल. ‘पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले, तर किती पिशव्या होतील’ हे त्या गणिताचे उदाहरण, आणि उत्तर साडेतीन. ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ एवढीच रीत ज्याला येते त्याला हा भेद दिसण्याची शक्यता कमी, मग तो मुलांना कसा दाखवणार?

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब पुढे आहे. चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कितीतरी कमी वर्षांचे होते. त्यांची जाण पदवीतून आलेली नव्हती. पाठ्यपुस्तकातला एकेक घटक सहकाऱ्यांबरोबर बसून तपासण्याच्या, शाळेतच नियमित चालणाऱ्या रिवाजातून ती वाढलेली होती.

विज्ञानात या दोन ज्ञानांचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम थेट मोजण्याचा प्रयत्न फिलिप सॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या १८१ विज्ञान शिक्षकांना बहुपर्यायी प्रश्न देऊन दोन गोष्टी विचारल्या होत्या: बरोबर उत्तर कोणते, आणि विद्यार्थी सर्वाधिक निवडतील असे चुकीचे उत्तर कोणते. ज्या प्रश्नांभोवती मुलांच्या मनात पक्की गैरसमजूत असते, तेथे दोन्ही सांगू शकणाऱ्या शिक्षकांचे विद्यार्थी अधिक शिकले. नुसते बरोबर उत्तर माहीत असणे तेथे फारसे पुरले नाही. आपल्या वर्गातले उदाहरण द्यायचे तर उन्हाळ्याचे देता येईल. पृथ्वी सूर्याजवळ येते म्हणून उन्हाळा होतो असे पुष्कळ मुलांना वाटते. अक्ष कललेला असल्याचे कारण शिक्षकाने कितीही स्पष्ट सांगितले तरी जुनी समजूत त्याच्या शेजारी सुखाने नांदते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, म्हणजे आपल्याकडे थंडीचे दिवस असताना, हे समोर ठेवले की मगच ती समजूत हलते. पण हे समोर ठेवायचे, हे सुचण्यासाठी ती समजूत तेथे आहे हे आधी माहीत असावे लागते.

महाराष्ट्रात या दोन ज्ञानांची जाहीर टक्कर २०१९ मध्ये झाली, तेव्हा मात्र ती तशी ओळखली गेली नाही. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ बरोबर ‘वीस सात’ असे वाचन दिले गेले आणि मोठा वाद उसळला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना त्याचे स्पष्टीकरण वारंवार द्यावे लागले. विरोध करणाऱ्यांना संख्यावाचन उत्तम येत होते, किंबहुना ते इतके अंगवळणी पडले होते की त्यातली अडचण त्यांना दिसेनाशी झाली होती. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहायचा असतो, त्यामुळे मूल ७२ लिहिते. एकोणतीस मध्ये तीस ऐकू येतो म्हणून ते ३९ लिहिते. कन्नड आणि तेलुगू या शेजारच्या भाषांत दशक आधी उच्चारले जाते, तेथे ही विशिष्ट अडचण येत नाही. ‘वीस सात’ हा उपाय योग्य होता की नाही यावर मतभेद असू शकतो आणि पारंपरिक संख्यानामे टिकावीत ही भावना मला मनापासून पटते. पण ज्या अडचणीवर तो उपाय होता ती अडचण खरी होती, आणि चर्चेत तिलाच सर्वांत कमी जागा मिळाली, याचे वाईट वाटते.

उलट दिशेनेही घसरण होते. मुलांना सोपे जावे म्हणून शिक्षक ज्या युक्त्या देतात त्यांतल्या काही आशयज्ञान कच्चे असल्यामुळे पुढे घातक ठरतात. ‘दहाने गुणायचे असेल तर शेवटी एक शून्य लावा’ ही युक्ती तिसरीत चोख चालते आणि सहावीत २.५ ला १० ने गुणताना मूल २.५० लिहून मोकळे होते. ‘गुणाकाराने संख्या वाढते’ हे वाक्यही अपूर्णांक येताच खोटे पडते. प्राथमिकच्या शिक्षकाला वरच्या इयत्तांचे गणित माहीत असणे गरजेचे आहे ते याचसाठी, की आज सांगितलेले वाक्य उद्या मागे घ्यावे लागू नये.

या दोन ज्ञानांपैकी शिक्षकाकडे कोणते आहे यावरून वर्गातले मूल गणिताविषयी काय समजून बसते, हे ठरत जाते. चुकीच्या उत्तरावर फक्त लाल फुली मिळत राहिली, तर मुलाच्या दृष्टीने बरोबर-चूक ठरवण्याचा अधिकार शिक्षकाकडेच राहतो. मूल उत्तर सांगता सांगता शिक्षकाचा चेहरा वाचू लागते आणि भुवई उंचावलेली दिसली की उत्तर बदलते. ‘हे तू कसे काढलेस, सांग बघू’ असे ज्याला विचारले जाते, आणि तेही उत्तर बरोबर असताना सुद्धा, ते मूल उत्तरामागे कारण असते असे धरून चालू लागते.

शिक्षक निवडताना या दुसऱ्या ज्ञानाची अजिबात दखल घेतली जात नाही असे नाही. सीटीईटीच्या, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात गणिताच्या ३० गुणांपैकी १५ अध्यापनशास्त्राला आहेत आणि चुकांचे विश्लेषण हा त्यातला एक घटक आहे. परंतु चार पर्यायांतून एक निवडणे आणि साठ वह्यांतून एक चूक ओळखणे यांत फार अंतर आहे, आणि ते सेवेत आल्यावरच भरून निघू शकते. त्यासाठी नवी योजना आणण्याची गरज नाही. जिल्हा परिषद शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा होतातच. त्यांत परिपत्रकांचे वाचन थोडे कमी करून प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातली एक चुकलेली वही, मुलाचे नाव झाकून, आणावी आणि ते उत्तर कोणत्या नियमाने आले असेल हे सर्वांनी मिळून शोधावे.