आवाज अडवणारा हेडफोन की आवाज मारणारा?

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरात झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात, तेव्हा रामबागेतल्या आमच्या गच्चीवर दोन आवाज एकदम येतात. खाली मंडळाच्या जनरेटरची घरघर आणि लांबून जवळ येणारा ताशा. अशात रिगवर, म्हणजे हौशी रेडिओ संचावर, 7 मेगाहर्ट्झला एखादं क्षीण स्टेशन ऐकायचं म्हटलं की साध्या हेडफोनचं काम नाही. नवे हॅम (हौशी रेडिओवाले) मग ‘नॉइज कॅन्सलिंग’ आणि ‘नॉइज आयसोलेटिंग’ एकच समजून खरेदी करतात. हे दोन्ही अगदी वेगळे आहेत.

आयसोलेटिंग म्हणजे भिंत. बंद कप, जाड गादी, कानाभोवती घट्ट पकड. बॅटरी लागत नाही. शिट्टी, हॉर्न, बोलणं, ताशाची कडकड असे चढे आवाज ही भिंत छान अडवते. खर्जातली घरघर मात्र बरीचशी आत येते.

कॅन्सलिंग हेडफोन बाहेरचा आवाज छोट्या माइकने ऐकतो आणि त्याची उलटी लहर तयार करून त्याला मारतो. ते साधतं ते खालच्या, एकसारख्या आवाजात, ढोबळमानाने 1000 हर्ट्झच्या आत. 1500 आरपीएमचा डिझेल जनरेटर त्याला आयताच सापडतो. ताशापुढे मात्र तो मागे पडतो.

आता रेडिओचं बघा. एसएसबीवरचं (हॅम मंडळींच्या बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीतलं) बोलणं साधारण 300 ते 2700 हर्ट्झमध्ये येतं. ताशा, गर्दी, हॉर्न नेमके त्याच पट्ट्यात येऊन शब्द गिळतात. जनरेटरची मूळ घरघर या पट्ट्याच्या खालची. ती त्रास देते, डोकं उठवते, पण शब्द तेवढे खात नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गर्दीत बसणार असाल तर आधी भिंत घ्या. रात्रभर जनरेटरशेजारी किंवा गाडीत बसून रेडिओ चालवणार असाल, तर कॅन्सलिंगवर खर्च करा.

मोर्सवाल्यांनी ब्लूटूथच्या नादी लागूच नये. मिनिटाला 20 शब्दांच्या वेगात एक डॉट 60 मिलिसेकंदांचा असतो आणि ब्लूटूथचा उशीर सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट होतो. साइडटोन (आपण पाठवतो त्याचा आपल्याच कानात येणारा आवाज) मागे राहिला की हात अडखळतो. वायरच हवी. कॅन्सलिंगमधलं सर्किट 100 वॉटवर ट्रान्समिट करताना कधीकधी भुणभुणतं. वायरीवर फेराइटचा मणी (रेडिओ लहरी अडवणारा) चढवला की बहुधा कमी होतं.

आणि हे आवर्जून सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो: कॅन्सलिंगचं बटण अँटेनातून येणारी खरखर घालवत नाही. तिच्यासाठी रिगमधला एनआर (नॉइज रिडक्शन, खरखर कमी करणारी सोय) किंवा नॉइज ब्लँकर (खरखरीचे झटके कापणारी सोय). हेडफोनचा संबंध फक्त तुमच्या खोलीतल्या आवाजाशी.

चष्मा असेल तर हेडफोन चष्म्यासकटच घालून बघा. काडीखाली फट राहिली की भिंतीला भोक पडलंच, आणि मग हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो.