शुगर किती नव्हे, शुगर कधीपासून?

‘तिला शुगर आहे आणि आता दिवस गेलेत’ आणि ‘तिला गरोदरपणात शुगर निघाली’ ही दोन वाक्यं बोलण्याच्या ओघात एकच वाटतात. नातेवाईक तर दोन्हीला सारखेच घाबरतात. पण बाळाचा मेंदू आणि मज्जातंतू यांच्यापुरतं बोलायचं, तर या दोन आजारांची वेळच वेगळी आहे.

मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. तेवढ्यात कित्येकींची घरची टेस्टसुद्धा झालेली नसते! आईला आधीपासून मधुमेह असेल आणि नेमकी त्याच दिवसांत साखर बेफाम असेल, तर नळीचा एखादा भाग उघडा राहण्याचा धोका वाढतो. पाठीकडचा भाग राहिला की स्पायना बायफिडा, डोक्याकडचा राहिला तर त्याहून गंभीर व्यंग. म्हणून इथे उपचार दिवस राहण्याआधी सुरू व्हायला हवेत: तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी शक्यतो 6.5 टक्क्यांच्या खाली आणायचं आणि फॉलिक अ‍ॅसिड आधीच सुरू करायचं. नेहमीचा डोस 400 मायक्रोग्रॅम असतो, मधुमेही बाईला डॉक्टर बहुधा 5 मिलिग्रॅम देतात. साखर ताब्यात असलेल्या बहुतेक आयांची बाळं धडधाकट जन्मतात, हेही सांगायला हवं.

गरोदरपणातली शुगर उशिरा येते. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईचं इन्सुलिन पुरेनासं होतं आणि बहुधा 24 ते 28 आठवड्यांच्या तपासणीत ते कळतं. नळी तोवर केव्हाच मिटलेली असते. तेव्हा सातव्या महिन्यात रिपोर्ट हातात घेऊन ‘बाळाच्या मणक्याला काही होईल का?’ म्हणून रात्र जागवण्यात अर्थ नाही.

इथली काळजी जन्माच्या आसपासची. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्तीचं इन्सुलिन करतं आणि बाळ गुटगुटीत होतं. चार किलोचं बाळ बघून घरात कौतुक चालू असतं, पण नाळ कापताच साखरेचा पुरवठा तुटलेला असतो आणि इन्सुलिन मात्र ओसरलेलं नसतं. पहिल्या एक-दोन तासांत साखर घसरते, आणि मेंदूचं मुख्य इंधन तर तीच. म्हणून पहिल्या तासात अंगावर पाजायचं आणि टाचेला टोचून थेंबभर रक्त तपासायचं. बाळ थरथरत असेल तर नर्स त्याचा हात हलकेच धरून पाहते. धरल्यावर थांबली तर साधी थरथर, न थांबता डोळेही एकीकडे वळत असतील तर झटका, म्हणजे आकडी, असू शकतो. साखर दोन्हीत तपासायचीच. कित्येकदा लक्षण काहीच नसतं, म्हणून बाळ शांत झोपलंय या कारणावरून टाच टोचू न देणं चूक. आणि मध चाटवायचा नाही, साखर वाढवायला तर नाहीच.

मोठ्या बाळाचा खांदा बाहेर येताना अडकला, तर मानेतून हाताकडे जाणारे मज्जातंतू ताणले जातात. हात अंगालगत लुळा पडतो, कोपर सरळ, तळहात मागे वळलेला. पाहणाऱ्याला अर्धांगवायू वाटतो, पण दुखापत मेंदूची नसते, आणि बहुतेकांचा हात काही महिन्यांत सुधारतो.

जन्मावेळचे हे धोके जुन्या मधुमेहातही असतातच. नळीचा धोका मात्र आधीपासूनच्या साखरेचा. घोळ होतो तो मधल्या बायकांचा, ज्यांना मधुमेह होता पण कधी तपासलाच नव्हता. आपल्याकडे 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, 140 किंवा जास्त आलं की शुगर धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीतही करायची असते. ती आठव्या-दहाव्या आठवड्यातच बरीच जास्त निघाली आणि एचबीएवनसीही 6.5 किंवा वर असेल, तर फाइलवर ‘गरोदरपणातली’ लिहिलं तरी ती बहुधा जुनीच. अशा वेळी 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत मणका, डोकं आणि हृदय बारकाईने बघायला सांगायचं.